तुमच्या नावाने मी दिलेला होकार

अहो, तुमच्या अंत्यविधीच्या मिस्सात फादरनी भरल्या देवळात सांगितलं, की अकरा वर्षं प्रभूपासून दूर गेलेलं हे लेकरू अखेरच्या घटकेला बापाच्या घरी परत आलं. मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं. शेजारी बसलेल्या आपल्या लेकीने, ग्रेसीने, माझा हात घट्ट धरला. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, रडतेय. मी रडत नव्हते हो. तुम्ही पेटीतून उठून बसाल आणि सगळ्यांसमोर माझं पितळ उघडं पाडाल, याची भीती वाटत होती मला. आणि चौसष्ट वर्षांचा माणूस, लेकरू म्हणे! तेवढ्या एका शब्दावरूनसुद्धा तुम्ही फादरशी वाद घातला असता.

तुम्ही परत आला नव्हतात. मी तुम्हाला ओढून आणलं, तेही खोटं बोलून. हे आपल्या दोघांशिवाय ओळखीच्यांत कुणाला माहीत नाही. त्यातले तुम्ही गेलात. आज पंचवीस दिवस झाले. येत्या रविवारी तुमची महिन्याची मिस्सा आहे, तिथे फादर पुन्हा तेच सांगणार आणि मी पुन्हा मान खाली घालणार. त्याच्या आत मला तुमच्याशी बोलून घ्यायचंय. ऐकायचं नसेल तर नका ऐकू. तशी तुम्हाला सवय होतीच.

देवळात गेली पाच-सात वर्षं जी माणसं नवीन आली, त्यांना वाटायचं, बाई भाविक आणि नवरा नास्तिक. त्यांना काय ठाऊक! लग्न होऊन मी वसईहून नेरूळला आले तेव्हा मिस्सा चुकवायची हौस मला होती. तुम्ही तुर्भ्याच्या कंपनीत सहा दिवस मशिनींशी झटापट करायचात आणि सातव्या दिवशी पहाटे उठून माझं पांघरूण ओढायचात. तेव्हा इथे देऊळसुद्धा नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये मिस्सा व्हायची. वेदीचं टेबल तुम्ही आणि आणखी एक जण डोक्यावर घेऊन तीन मजले चढवायचात, मग घाम पुसत तबल्यावर बसायचात. मी मागे बसून जांभया द्यायचे. घरी आलं की तुमची परीक्षा सुरू, आज शुभवर्तमान कोणतं होतं सांग. एकदा मी वैतागून विचारलं होतं, की तुम्ही माझे नवरे आहात की कॅटेकिझमचे, धर्मशिक्षणाचे मास्तर. तुम्ही हसून हसून बेजार झाला होतात. विश्वास मला आईबापाने दिला, पण तो रोजच्या रोज पाळायची सवय तुम्ही लावलीत. हे मी कधी तुम्हाला बोलून दाखवलं नाही. भांडताना तर नाहीच नाही.

मग आपल्या जोएलचं दुखणं निघालं. एकोणीस वर्षांचं पोर, खारघरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. तुमची किडनी त्याला चालणार होती. डॉक्टर फक्त त्याचा ताप उतरायची वाट बघत होते, आणि ताप काही उतरत नव्हता.

आपल्यात रीत आहे. दुखण्यातून उठायचं असेल तर डोंगरावरच्या मारियामातेला त्या अवयवाचा मेणाचा आकार वाहायचा. पाय दुखतो त्याने मेणाचा पाय, डोळे गेले त्याने डोळे, घर होत नाही त्याने मेणाचं घर. मीच तुमच्या मागे लागले. मी जोएलच्या उशाशी आणि तुम्ही तिकडे डोंगराशी मेणाच्या दुकानाच्या दारात. तुमचा फोन आला, की इथे हात आहेत, पाय आहेत, काळीज आहे, किडनी नाही. मी म्हणाले, अख्खा मुलगा घ्या. तुम्ही म्हणालात, अख्खे संपलेत, पोट आहे. मी म्हणाले, मग पोट घ्या, किडनी पोटातच असते, मातेला समजेल. तुम्ही मेणाचं पोट वाहून अनवाणी डोंगर उतरलात. तळपायाला फोड घेऊन हॉस्पिटलात आलात तेव्हा तुमच्या तोंडावर काय उजेड होता! चौथ्या दिवशी जोएल गेला.

त्याची महिन्याची मिस्सा झाली आणि पुढच्या रविवारपासून तुम्ही देवळाची पायरी चढला नाहीत. भांडण नाही, तमाशा नाही. मला स्कूटरवर आणून दारात सोडलंत आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसलात. मिस्सा सुटली की स्कूटर सुरू. असे अकरा वर्षांचे रविवार.

वर्षातून एक-दोनदा तुमची जीभ सुटायची. तुझ्या मातेकडे किडनी मागितली, तिच्याकडे पोट पोचलं, पत्ता चुकला, असं म्हणायचात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी भांडी आपटायचे, देवनिंदा करता म्हणून ओरडायचे. पण राग त्याचा नव्हताच. पोट घ्या असं म्हणणारी मी होते. तुम्ही एवढं बोललात, मातेला बोललात, देवाला बोललात, डॉक्टरला बोललात, पण हे एकदाही माझ्या तोंडावर मारलं नाहीत. अकरा वर्षांत एकदाही नाही. रागाच्या भरातसुद्धा नाही. त्याबद्दल तुमचे पाय धरायला हवे होते मी.

त्याऐवजी मी तुमच्याविषयी खोटं बोलत राहिले. देवळात कुणी विचारलं, की सांगायचे, त्यांची ड्यूटी आहे. तुम्ही रिटायर झालात, तरी ड्यूटी. सगळ्यांना दिसत होतं, की हा माणूस समोर बसून कटिंग पितोय, आणि मी बाई तोंड वर करून सांगतेय, ड्यूटी. मग नाताळाच्या आधी आणि ईस्टरच्या आधी कन्फेशनला गेले, की तेच पाप. नवऱ्याविषयी खोटं बोलले. आधीचे म्हातारे फादर एकदा जाळीपलीकडून म्हणाले, की बाई, दुसरं काही नवीन आहे का? घरी येऊन मी तुम्हाला हे सांगितलं. कन्फेशनमधलं बाहेर सांगू नये, पण राहवलं नाही. तुम्ही म्हणालात, माझ्यामुळे तुला वर्षाला दोन पापं तरी मिळतात, नाहीतर फादरला काय सांगितलं असतंस?

आणि तुम्ही दूर तरी कुठे गेला होतात? देवळाचा एम्प्लिफायर बिघडला, तेव्हा तो घरी आणून जेवणाच्या टेबलावर उघडून बसलात, आणि दोन दिवस आपण ताटं मांडीवर घेऊन जेवलो. पोचवायला मात्र मला पाठवलंत. संध्याकाळी मी रोझरीला बसले की तुम्ही टीव्हीचा आवाज पार बंद करायचात आणि मुकी क्रिकेट मॅच बघायचात. मी नमो मारिया म्हणत असायचे आणि तुम्ही विकेट पडली की बोट वर करून दाखवायचात. मीही बघायचे, खोटं कशाला बोलू. कितीदा माझे दहा मणी मोजायचे राहिले असतील. पण घरात माझ्या प्रार्थनेवर दुसरा आवाज तुम्ही कधी चढू दिला नाहीत. माझ्या बरोबरीच्या बायकांना भाविक नवऱ्यांच्या घरी हे सुख नाही.

एकदाच मी तुम्हाला नीट विचारलं, चिडून नाही. देव नाही असं वाटतं का तुम्हाला? तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवलात आणि म्हणालात, "आहे ग. नसता तर मी कशाला रागावलो असतो?" पुढे कधीतरी बोलू म्हणून मी कुकर लावायला उठले. ते पुढे कधी आलं नाही.

जानेवारीत तुमचं निदान झालं. काही करण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून तुम्ही घरी राहायचं ठरवलंत. दिवसेंदिवस तुम्ही गादीत रुतत गेलात. मी काय विचार करते हे तुम्ही ओळखलं होतं. आपल्या लोकांत माणूस शेवटाला आला की फादरना बोलावतात, कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतात, पापांची क्षमा होते, जीव शांतपणे जातो. मी तो विषय काढला नव्हता. तुम्हीच काढलात, एका दुपारी मी कपडे घड्या करत असताना. "रेजी, मला शब्द दे," म्हणालात. "मी शुद्धीवर आहे तोवर फादरला माझ्या उशाशी आणायचं नाही. मी गेल्यावर तुला काय करायचं ते कर, मिस्सा कर, रोझरी कर. पण जिवंतपणी मला गाठायचं नाही." तुम्ही हात पुढे केलात. मी त्यावर हात ठेवला. तुमचा हात गरम होता आणि माझ्या हातात तुमचाच बनियन होता.

मी शब्द दिला तेव्हा खरंच पाळणार होते. एवढं तरी माना.

त्या गुरुवारी सकाळी डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आज किंवा उद्या. इंजेक्शनने तुम्ही गाढ झोपला होतात. मी दाराशी उभी राहून तुमच्याकडे बघत होते, आणि मला एकच दिसत होतं. जोएल तिकडे आहे, मी पुढेमागे तिकडे जाणार, आणि तुम्ही नसणार. बाकी माझं डोकं चालेना. हा झोपलाय, म्हणजे शुद्धीवर नाही, म्हणजे शब्द मोडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. वकिलाला लाजवेल अशी. आणि फादरना फोन लावला.

हे नवे फादर तरुण आहेत, पण काळजीपूर्वक वागणारे. लिफ्टमधून बाहेर आल्याआल्या त्यांनी जिन्याजवळच मला थांबवलं. म्हणाले, "बाई, त्यांची इच्छा आहे ना? नको म्हणाले असतील, तर मला तसं करता येणार नाही."

मी म्हणाले, "हो फादर. कालच म्हणाले, फादरना बोलव."

अडखळले नाही की काही नाही. अकरा वर्षांची प्रॅक्टिस होती ना.

ग्रेसी स्वयंपाकघरात पाणी तापवत होती. फादरनी गळ्यात जांभळा पट्टा घातला, पुस्तक उघडलं, तुमच्या कपाळाला तेल लावलं. मग उजवा तळहात. डावा हात धरला, तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं होतं, उघडलेत तरी ते धुरकट असतील, ओळख नसेल. तसं नव्हतं. तुम्ही फादरकडे पाहिलंत, स्वतःच्या हाताकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. आवाज अगदी बारीक होता, पण मी तुमच्या तोंडाशीच होते.

"झालं तुझं समाधान?"

एवढंच. फादर पुस्तकात बघून वाचत होते. त्यांना नुसती पुटपुट ऐकू आली. त्यांनी मान वर करून विचारलं, काय म्हणाले? आणि मी म्हणाले, "आमेन म्हणाले."

तुम्ही माझ्याकडे बघतच होतात, अहो. मी ते म्हणाले तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मग डोळे मिटलेत. चार वाजता गेलात. तोवर मी तुमचा हात धरून बसले होते. तेलामुळे तो सारखा निसटत होता. मी दाबला, पुन्हा दाबला. तुमच्या बोटांनी काही उत्तर दिलं नाही. शक्ती नव्हती की मन नव्हतं, ते मी कुणाला विचारू?

नंतरचं सांगते. दफनभूमीत जोएलच्या बाजूला जागा मिळाली नाही. तुम्ही तिसऱ्या ओळीत आहात, भिंतीकडे. सात दिवस घरात रोझरी झाली. सोसायटीतले सगळे आले, ज्यांना आपली एक प्रार्थना येत नाही तेही हात जोडून बसले. दारावर मासळी घेऊन येणारी आपली कोळीण टोपली बाहेर ठेवून आली आणि म्हणाली, बाय, मानूस सोन्यासारखा व्हता, देव हाय त्याला. तेवढं एकच बोलणं मला टोचलं नाही, कारण ती आमेनबद्दल काही बोलली नाही. बाकी सगळे तेच. विली अंकल शेवटी आमेन म्हणाले ना, काय भाग्य, काय कृपा. मी सरबत द्यायचे आणि मान हलवायचे.

आणि आपली ग्रेसी. तिचं तुम्हाला माहीतच आहे. खारघरला सतराव्या मजल्यावर गेल्यापासून तिची मिस्सा मोबाईलवर चालायची, एकीकडे डोसे, एकीकडे पोराचा फुटबॉल क्लास, आणि मी काही बोलले तर मम्मी टेन्शन घेऊ नको. मी किती डोकं फोडलं तिच्यापुढे. ती आता दर रविवारी येते. पोराला घेऊन येते, फोन पर्समध्ये बंद करून ठेवते. मला म्हणाली, पप्पांसारखा माणूस एवढं सगळं सोसून शेवटी आमेन म्हणू शकतो, तर मी कोण मोठी लागून गेले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ज्याच्यासाठी मी दहा वर्षं रोझऱ्या केल्या, ते माझ्या खोटेपणाने एका वाक्यात करून दिलं. आता मी तिला खरं कसं सांगू? सांगितलं तर ती तुम्हालाही गमावेल, देवालाही आणि मलाही. म्हणून गप्प आहे. मरेपर्यंत गप्प राहणार.

परवा शनिवारी कन्फेशनला गेले. आपल्या देवळात नाही, दुसऱ्या धर्मग्रामात, जिथे मला कुणी ओळखत नाही. अनोळखी फादर होते, वयस्कर. मी सगळं सांगितलं, फादरशी खोटं बोलले, मरणाऱ्या नवऱ्याच्या तोंडात नसलेला शब्द घातला. त्यांनी शांतपणे ऐकलं. असत्य बोलल्याबद्दल क्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून पाच नमो मारिया सांगितल्या. मग मी म्हणाले, आणि त्यांना दिलेला शब्द मोडला, फादर. त्यावर ते म्हणाले, बाई, त्याचं मनाला लावून घेऊ नका, तुम्ही प्रेमापोटी त्यांच्या आत्म्याची काळजी घेतलीत, त्यात क्षमा मागण्यासारखं काही नाही. मी पुन्हा म्हणाले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फादर. ते म्हणाले, अखेरच्या क्षणी माणसाच्या मनात काय असतं ते देवालाच ठाऊक. माझ्या मागे रांग होती. मी उठले.

देवालाच ठाऊक कसं? मलाही ठाऊक आहे. छत्तीस वर्षं बघितलंय मी तुमचं तोंड.

म्हणजे जे किरकोळ होतं त्याची क्षमा मिळाली, आणि ज्याच्यासाठी गेले होते ते परत घेऊन आले. ते माफ करणारा एकच माणूस होता, त्याला मी तिसऱ्या ओळीत ठेवून आले.

मी अजून रोझरीला बसते. टीव्ही बंदच असतो. मणी एकही चुकत नाही हल्ली, आणि मनाला काही म्हणजे काही लागत नाही, कोरड्या घशाने भात गिळावा तसं चाललंय. पूर्वी मी तुमच्यासाठी मागायचे, की या माणसाला परत आण. आता काय मागायचं? रविवारी मी पांढरी साडी नेसून दुसऱ्या बाकावर बसेन, ग्रेसी शेजारी असेल. फादर सांगतील ते ऐकेन. वेदीपुढे जाऊन पवित्र भाकरीचं कोमुन्यांव घेईन. त्याच्या पुढच्या रविवारीही जाईन. लोक म्हणतील, एवढं होऊन बाईचा विश्वास ढळला नाही.

नाहीच ढळला, अहो. ढळला असता तर बरं झालं असतं. मग तुम्ही नुसते मेलेले असता. आता तुम्ही कुठेतरी आहात, आणि माझं तोंड बघायला तयार नाही आहात.